अबीलियोचा अर्धा चेहरा

सिनेमा संपला. गावच्या सभागृहात टाळ्या कडाडल्या, पण पहिल्या रांगेतल्या एटेल्विनाने मांडीवरचे हात हलवले नाहीत. पडद्यावर शेवटी तिचाच चेहरा होता, तरुण आणि खळाळून हसणारा.

"किती सुंदर दिसत होतीस गं आई," तिची मुलगी ग्रासा म्हणाली.

"गाढवाला हसत होते मी. त्या मेल्या दिग्दर्शकाने हातात टपालाचं रिकामं पाकीट दिलं नि म्हणाला, हस. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचा पत्ता नाही, हसू कशाला? तर त्याने गाढवाला स्वतःची टोपी घातली."

हुकूमशाहीच्या काळात तिचा नवरा अबीलियो चोरवाटेने फ्रान्सला निघाला होता. जाताना रीतीप्रमाणे त्याने आपला फोटो मधोमध फाडला. अर्धा बायकोकडे, अर्धा स्वतःच्या खिशात. माणूस सुखरूप पोचला की त्याच्याजवळचा अर्धा टपालाने यायचा, आणि दोन्ही जुळले की मगच घरचे वाटाड्याची मजुरी चुकती करायचे. गावात घरोघरी असे अर्धे फोटो आले. एटेल्विनाचा आला नाही. विधवेचे काळे कपडे घालावेत की नाही, हेही तिला कुणी सांगू शकलं नाही.

मग राजवट उलथली आणि लिस्बनहून सिनेमावाले आले. नट नकोत, गावचीच माणसं हवीत, त्यांच्या खऱ्या नावांनी, असं त्यांचं म्हणणं. एटेल्विनाचा अर्धा फोटो त्यांनी आठ दिवसांसाठी मागून नेला. तो परत आला नाही. दिग्दर्शकाला शेवट गोड हवा होता, म्हणून त्याने अबीलियोच्या अर्ध्या चेहऱ्याला कुणा परक्याचा अर्धा चेहरा डिंकाने चिकटवला.

सिनेमा जगभर फिरला. पॅरिसमध्ये एका संध्याकाळी तो अबीलियोचा धाकटा भाऊ अमादेऊ याने पाहिला. तोवर तो गवंडीकाम सांभाळून दर रविवारी दवाखाने आणि मजुरांच्या वस्त्या पालथ्या घालत असे. पडद्यावर वहिनी हसली, जुळलेला फोटो लांबून क्षणभर दिसला, आणि त्याने शोध थांबवला. 'दादा पोचला होता तर! मग मला तोंड का दाखवलं नाही?' असं पत्र आलं. खोटं आहे ते, असं तिने परोपरीने कळवलं. पण सगळी माणसं खरी, नावं खरी, मग एवढंच खोटं कसं? गावातही जिभा सुटल्या: पोचला, आणि तिकडेच कुणाशी तरी रमला.

आज, इतक्या वर्षांनी, लिस्बनच्या सिनेमा-संग्रहालयातून डॉक्टर लोबातो आले होते. भाजलेल्या चेस्टनटांच्या टेबलाजवळ उभं राहून त्यांनी काचेची चौकट उंच धरली. आत तोच जोडलेला फोटो.

"आपल्या सिनेमातलं हे मोठं वळण," ते म्हणाले. "इथे नट आणि माणूस यांच्यातली भिंत पडली."

"पडली खरी," एटेल्विना उठली. "माझ्या घरावर पडली. आणा ते इकडे."

चौकट हातात धरून स्वतःचा फोटो काढून घ्यायचा असेल म्हणून डॉक्टरांनी हसत चौकट तिच्या हातात दिली. तिने ती पालथी केली आणि मागचे खिळे नखाने वाकवायला सुरुवात केली.

"अहो आजी! राष्ट्राचा ठेवा आहे तो!"

"राष्ट्राचा नवरा होता का?"

मागे हशा पिकला. शेजारीण लिओनील्द ओरडली, "डॉक्टर, मागे व्हा, नाहीतर तुमचेही दोन तुकडे करेल ती!"

"पण विद्यार्थी जगभर हेच दृश्य अभ्यासतात," डॉक्टर काकुळतीला आले.

"अभ्यासू देत. माझ्या दिराने अभ्यासलं, नि शोधायचा थांबला. माझा माणूस कुठल्या खिंडीत गोठला असेल, ते विचारायला कुणी उरलं नाही, कारण मी गाढवाला हसले!" तिचा आवाज फाटला. "तुमचा माणूस पोचला. माझा अजून वाटेत आहे."

तिने फोटो बाहेर काढला आणि जुन्या फाटीवरूनच ओढला. वाळलेला डिंक कटकन सुटला. परक्याचा अर्धा तिने डॉक्टरांपुढे टाकला. मग हातातल्या अर्ध्याकडे पाहिलं. अबीलियोच्या गालाची एक चिंधी परक्याच्या कडेला चिकटून गेली होती.

"थांबा. तोही द्या."

चेस्टनट चिरायचा चाकू घेऊन ती टेबलाशी बसली आणि खरवडू लागली.

"आई, घरी नेऊन सावकाश करू गं. परत देऊ त्यांना उद्या," ग्रासा हळूच म्हणाली.

"उद्या देतो म्हणून नेलेलं पाहिलंय मी," एटेल्विना मान वर न करता म्हणाली. "इथेच. दिवा जवळ धर."