चौदा झेंडे आणि साळवे बाई

चौदा देश मला दोन माऊस, एक कीबोर्ड आणि वर्षभराच्या बुधवारच्या दुपारी एवढ्याला पडले.

वर साळवे बाईंचा दोन आठवड्यांचा अबोला. तो सगळ्यात महाग.

आज बाईंना जाऊन एक वर्ष झालं.

नवीन मित्रांसाठी सांगतो. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. एका सेकंडहॅण्ड मशीनवर सुरू केलं, आता चार कॉम्प्युटर आहेत. समोर मराठी शाळा. बाई तिथे नववीला भूगोल शिकवायच्या.

एक दिवस दुकानात आल्या. म्हणाल्या, बुधवारी दुपारी तुमच्याकडे गिऱ्हाईक नसतं, मी महिनाभर बघतेय. माझ्या मुलांना बसू द्या.

मी विचारलं, गेम खेळणार का?

"ब्लॉग लिहिणार," बाई म्हणाल्या. "जगाचा."

प्रत्येकाला एक देश. त्या आठवड्याची तिथली बातमी लिहायची. अट एकच, बातमी घाटकोपरपर्यंत यायला हवी. तिकडे युद्ध असेल तर ते इथल्या भजीच्या कढईतल्या तेलापर्यंत आणून दाखवायचं. नाही आणलं तर पोस्ट परत.

"अर्ध्यात सोडलीस रे," बाई म्हणायच्या. "ही बातमी अजून समुद्रातच आहे."

मी गल्ल्यावर बसून सगळं ऐकायचो. शाळेत असताना जेवढा भूगोल कळला नव्हता, तेवढा पॅनकार्डचे फॉर्म भरता भरता कळला.

ब्लॉगच्या कोपऱ्यात वाचक मोजायची एक पट्टी होती. भारताबाहेरच्या कुठल्या देशातून कोणी वाचलं की त्या देशाचा झेंडा उमटायचा.

आधी श्रीलंका. मग सिंगापूर. दक्षिण आफ्रिका. ब्राझील.

मार्चपर्यंत चौदा झेंडे झाले. मधूनमधून मराठीत कॉमेंटही यायच्या. खाली नाव, 'एक वाचक'.

हेडसर आधी या बुधवारला तयार नव्हते. पुढच्या वर्षी दहावी आहे, ब्लॉगला मार्क किती, असं त्यांचं म्हणणं. झेंडे बघून गप्प झाले.

आणि मी? मी थेट फ्लेक्सच लावला. शाळेच्या गेटसमोर, दुकानाच्या कपाळावर.

'येथून लिहिलेला ब्लॉग १४ देशांत वाचला जातो.'

येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचो, मराठी माणूस कुठे कुठे पोचलाय बघा.

दुकानाच्या भिंतीवर बाईंनी जगाचा नकाशा लावला होता. झेंडा आला की टाचणी. एका बुधवारी त्या नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"नेपाळ एवढा शेजारी. तिथून कोणी वाचत नाही. आणि ब्राझीलमधून वाचतात. का?"

पोरं नकाशाजवळ सरकली.

"सगळ्या टाचण्या पाण्याच्या कडेला आहेत. का?"

तन्वी राऊळ खाली बघत होती.

बाकीची पोरं गेल्यावर ती मागे थांबली. तिचे पप्पा मालवाहू जहाजावर कुक. बंदरात उतरले की आधी वायफाय शोधायचे आणि ब्लॉग उघडायचे.

म्हणजे चौदा देश मिळून एक राऊळ.

"हेडसरांना सांगू नका ना बाई," तन्वी म्हणाली. "ते बंद करतील. फोनवर पप्पा जेवलीस का विचारतात, तेवढ्यात फोन कट होतो. इथे ते माझ्याशी भांडतात."

खरंच भांडायचे. डिसेंबरमध्ये तिने लिहिलं होतं की केपटाऊनला सध्या लोक स्वेटर घालतात. खाली 'एक वाचक': मी आत्ता केपटाऊनला घाम पुसतोय. गोलार्ध बघून लिही.

बाईंनी तन्वीच्या पाठीवर हात ठेवला, पण कबूल काही केलं नाही. जाताना मला म्हणाल्या, फ्लेक्स उतरवा.

मी म्हटलं, खोटं काय आहे त्यात? देश चौदाच आहेत.

"परबभाऊ, मी पोरांना आकडा वाचायला शिकवते. आणि शाळेसमोर तुमचा आकडा लटकतोय."

मीही हट्टाला पेटलो. फ्लेक्स तसाच. मग दोन बुधवार बाई यायच्या, मुलांशी बोलायच्या, माझ्याशी नाही.

हेडसरांकडे मात्र त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या होत्या. शाळेचा शिपाई दाराशी होता, त्याने मला सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, एकच वाचक?

"एकच. पण चूक सोडत नाही."

सरांनी म्हणे ब्लॉग उघडून त्या कॉमेंट वाचल्या. मग म्हणाले, चालू ठेवा. इथे तरी वह्या एवढ्या कोण तपासतंय.

हे ऐकलं आणि मी शिडी लावली. त्या फ्लेक्सच्या मागच्या बाजूवर आता लॅमिनेशनचे दर आहेत.

एप्रिलमध्ये राऊळ सुट्टीवर आले. बाईंनी त्यांना दुकानात पोरांसमोर उभं केलं. माणूस जाम लाजला.

"बाईंनू, माका भूगोल कळणा नाय. खंयच्या बंदरात कांदो महाग, तां मात्र माका म्हायत."

बाईंनी लगेच गृहपाठ दिला. चौदा बंदरं, चौदा कांद्याचे भाव, आणि प्रत्येक भावाचं कारण.

त्या पोस्टला एका दिवसात अकरा वाचक आले. सगळे घाटकोपरचे.

पुढे राऊळ त्याच त्या मार्गावर फिरत राहिले आणि झेंडे चौदावरच थांबले. तन्वी आता बारावीला आहे. नकाशा अजून माझ्या भिंतीवर आहे. बुधवारी नवीन सर पोरं घेऊन येतात.

आज सकाळी तन्वीने ब्लॉगवर बाईंबद्दल लिहिलं. तासाभरात खाली कॉमेंट आली. बाई कुर्ल्याला नाही, गोवंडीला राहायच्या. दुरुस्त कर.

शेजारी एक नवा झेंडा होता. उरुग्वे. मी टाचणी लावून आलोय.

साळवे बाई, असल्फ्याच्या चढावरून तुम्हाला नमस्कार.

पंधरावा देश आला.

वाचक तोच आहे.