पेपर चालू असताना वाजलेली शिटी

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. आमच्या कोळी घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यात सायन्सचा... त्यामुळे लिहायला संकोच वाटतोय.

दुसऱ्या वर्षाला असताना मोबाईलचा अलार्म वाजला आणि मी बेशुद्ध पडलो. महिन्याभराने पुन्हा तेच. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके अचानक बिघडतात, आजार घराण्यातून येतो. छातीत मशीन बसवलं — ठोके बिघडले की ते शॉक देतं. दचकवणारे आवाज टाळा, म्हणाले. आईने त्याच दिवशी कुकर माळ्यावर टाकला. भात टोपात शिजू लागला.

ताईचाही ईसीजी काढायला सांगितला होता. पण उरणला तिचं लग्न ठरत होतं. आई म्हणाली, लग्न होऊ दे, मग बघू. ताईने मला एकटं गाठून विचारलं, "मला पन हाय का रं ते?"

"नाय गं," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं... आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

लग्नात आईने तोच कुकर घासूनपुसून तिला दिला. नुसता पडून होता ना.

यंदा शेवटच्या वर्षाचा फिजिक्सचा पेपर. पहिला मजला, खिडकीजवळचा बाक. हॉल चिडीचूप. अगदी कानाशी कुकरची शिटी वाजली आणि छातीत लाथ बसावी तसा शॉक बसला. सावरल्यावर शेजारच्याला विचारलं, शिटी कुठे झाली? तो म्हणाला, "कसली शिटी? कँटीन पण बंद आहे भावा."

दवाखान्यात मशीन तपासलं. शॉकची वेळ निघाली अकरा वाजून बारा मिनिटं. मी तिथेच होतो तेव्हा भावोजींचा फोन आला. ताई ओट्यापाशी उभी होती. कुकरची पहिली शिटी झाली आणि ती कोसळली, ती उठलीच नाही. सासूने भावोजींना घाबरून लावलेला फोन अकरा तेराचा.

डॉक्टर म्हणाले, परीक्षेच्या ताणानेही शॉक बसू शकतो, वेळ जुळली हा योगायोग. मान्य. पण शिटी? त्यांनी उलट विचारलं, "बहिणीचा ईसीजी काढला होता का?"

पाच मिनिटांचं काम होतं. नंतर कदाचित रोजची एक गोळी.

कुकर परत आलाय, माळ्यावर आहे. आई म्हणते, ताई जाताना तुला सांगायला आली होती. पण आलीच असेल, तर सांगायला नाही... तेच पुन्हा विचारायला आली असेल.