गाईच्या वाट्याचे शेंगदाणे

भरदुपारी दारं-पडदे लावून आम्ही अंधारात उभे होतो. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालच्या काचेच्या प्लेटवर निळे ठिपके पेटले, तसा शिरीषभाऊंनी श्वास रोखला.

शिरीषभाऊ आमच्या हिंदीभाषी शहरात देवास गेटजवळ, घराच्या पुढच्या भागात चिक्की बनवतात. माझी फूड टेस्टिंगची लॅब त्याच शहरात, फ्रीगंज भागात. निळे ठिपके म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ओलसर राहिलेल्या दाण्यांवर बुरशी येते, तिचं हे विष. साध्या उजेडात दिसत नाही, भाजून-उकळून पुरतं जात नाही. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो.

"ताई, हे तर खराब म्हणून वेचून बाजूला काढलेले दाणे," ते म्हणाले. चिक्कीसाठी ठेवलेल्या चांगल्या दाण्यांची प्लेट खरंच काळीच राहिली. उपासाचा माल म्हणून घरच्या बायका एकेक दाणा पारखून घेतात. मी कौतुक केलं आणि सहज विचारलं, बाजूला काढलेल्यांचं काय करता?

"फेकणार थोडेच? अन्न आहे. घरच्या गाईला घालतो. गोग्रास."

हे विष गाईच्या दुधातही उतरतं. मी लगेच विचारलं, दूध कोण पितं? नात, म्हणाले. पाकिटाच्या दुधावर त्यांचा भरोसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडीच्या डब्यातून दूध आणलं. पांढरंशुभ्र, वर जाड साय. चांगलं उकळून आणलंय, असं दोनदा सांगितलं. मी टेस्ट लावली. तोवर ते बाहेर बाकावर बसून राहिले, चहालाही उठले नाहीत.

मग पुन्हा अंधार. आधी काहीच दिसेना. डोळे सरावले तसा एक फिकट निळा ठिपका दिसू लागला. अंधारातून कुणी आमच्याकडे बघतंय असं वाटलं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

"कुछ गलती तो नहीं?" शिरीषभाऊंनी विचारलं.

मी टेस्ट पुन्हा केली. ठिपका पुन्हा आला.

"मीच पाजतो नातीला, ताई," ते म्हणाले आणि अंधारातच स्टुलावर बसले. मला लाइट लावायचा धीर होईना.

गाईचे दाणे बंद झाले, काही दिवस दूध ओतून दिलं. नंतरच्या दुधात ठिपका नव्हता. डॉक्टरांनी नातीचं लिव्हर तपासलं, ठीक निघालं. पुढे लक्ष ठेवा, म्हणाले. कुठवर, ते त्यांनी सांगितलं नाही.

गाय मात्र अजून दुपारी दारात येऊन दाण्यांची वाट बघते म्हणे. जे आपल्या तोंडी चालत नाही, ते तिच्या तोंडी घालू नये. ती काही ठेवून घेत नाही, दुधातून परत करते.