पिठल्यातला समुद्र

दर्यातात्या जेवायला बसले की त्यांच्या ताटात आधी समुद्र निघायचा. पिठलं पसरायचं, दोन्ही बाजूंना भाकरीचा एकेक तुकडा आणि मधे आडवी हिरवी मिरची. "ह्यो एक देश, ह्यो दुसरा. मिरची म्हंजी भांडण," असं म्हणून ते आधी मिरचीच चावायचे आणि मग ठसका लागून पाणी मागायचे.

तात्या मूळचे कळसचे. उमेदीची वर्षं जहाजावर काढून उतारवयात पळसदेवला, आमच्या शेजारी लेकीकडे येऊन राहिले. त्यांचं जहाज म्हणे अशा समुद्रात फिरायचं, जिथं दोन शेजारी देशांचं पाण्याच्या हद्दीवरून कायमचं वाकडं. "पर मासा अंड्यावर आला की दोगंबी जाळी गुंडाळत्यात. हद्द कुनाची ते मागनं बघू म्हनत्यात, आदी मासा जगू दे." आम्ही हसायचो. अहो, तो समुद्र कुठं आणि आमचं उजनी धरणाचं पाणी कुठं!

भांडण मात्र अगदी तेच होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं आणि त्यामागच्या डोहात अंड्यावरचा मासा गोळा होतो. डोहाखालची जमीन आमची की पलीकडच्या काठाची, यावरून डोकी फुटलेली. त्यांनी उपसायच्या आत आपण उपसावं म्हणून दोन्हीकडचे बारीक जाळी टाकायचे. पिल्लूसुद्धा सुटायचं नाही. होता होता जाळी रिकामी यायला लागली आणि घराघरांत चुली गप्प झाल्या.

तेव्हा तात्या एकटेच होडीत बसून पलीकडे गेले. तिथला म्होरक्या विठोबा, महातोंडाळ माणूस. त्याच्याही ताटात यांनी समुद्र काढला असणार! परतले ते ठरवूनच: पाऊस लागून पाणी चढेपर्यंत डोह बंद. राखण उलटी, आमच्या काठावर त्यांचा माणूस, त्यांच्या काठावर आमचा. "आपल्या मानसाकडं आपन कानाडोळा करतो, दुसऱ्याच्याकडं न्हाय," तात्या म्हणाले. काय डोकं होतं हो! मासा परतला. हद्दीचं भांडण तेवढं आम्ही मनापासून चालू ठेवलं.

यंदा नेमके बंदीच्या तोंडावर तात्या गेले. घरचंच माणूस गेल्यासारखं रडलो आम्ही. पण सगळा करार त्यांच्या शब्दावर उभा होता. 'आता पलीकडचे काही थांबत नाहीत, आपणही जाळी टाकू,' असं काठावर बोलणं सुरू झालं. मलाही ते पटलं होतं.

तेराव्याला पंगत बसत होती, तेवढ्यात विठोबा आला. काखेत अंथरुणाची वळकटी.

"डोह आमचाच हाय, हे आदीच सांगतो," तो दारातूनच म्हणाला. मग तात्यांच्या फोटोला हात जोडून वळकटी कोपऱ्यात ठेवली. "राखनीला आलोय. तुमचा मानूस कवा धाडताय?"

मी पंगतीतून उठलो आणि घरी जाऊन माझी वळकटी बांधली.