बेचाळीस इंचांचा कठडा

मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. सावेडीतल्या आमच्या कॉलनीत आजही मला नावानं फारसं कुणी हाक मारत नाही, ‘गणिताच्या बाई’ म्हणतात, आणि मला ते आवडायचं. कुणाची बेरीज चुकली की मी ती तिथल्या तिथे, चारचौघांत दुरुस्त करायचे. समोरचा ओशाळला तरी मला काही वाटायचं नाही. चूक ती चूक, असं माझं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला स्वतःला सवलत घेता येणार नाही.

निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो पुण्यात असतो आणि कारखान्यांसाठी सुरक्षेच्या पुस्तिका तयार करतो. कोकणात जहाजं बांधायचं आणि दुरुस्त करायचं एक यार्ड आहे. तिथले नकाशे, मोजपट्ट्या सगळं मीटरमध्ये आलेलं, पण कामगारांच्या सुरक्षेचे नियम मात्र जुने, इंग्रजीत, फूट-इंच आणि पौंडांत. ते मीटर-किलोत आणून सोप्या मराठीत लिहायचे होते. ‘बाई, आकडे सुटसुटीत ठेवा, कामगारांच्या लक्षात राहिले पाहिजेत,’ तो म्हणाला. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. जहाज मी जन्मात एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या सहलीत, तेही किनाऱ्यावरून. पण रूपांतर करायला जहाज कशाला पाहायला हवं? फूट समुद्रावर गेला तरी बारा इंचांचाच.

आमच्या घरात जहाजांजवळ राबलेला एकच माणूस, माझे धाकटे दीर. भाऊजी सातवीत नापास होऊन मुंबईला गेले आणि तीस वर्षं एका गोदीत खलाशी होते. खलाशी म्हणजे जहाज चालवणारे नव्हेत. दोर, साखळ्या, कप्प्या लावून अवजड वस्तू उचलायच्या, उंचावर चढायचं, असं त्यांचं काम. आता ते हिवरे बाजारच्या पलीकडे गावी राहतात. दोन गाई आहेत. मंगळवारी आणि शनिवारी मोटारसायकलवरून दूध घेऊन नगरला येतात. माझे यजमान गेल्यापासून त्यांनी एकही वार चुकवलेला नाही. आणि मी? मी त्यांना दाराजवळच्या खुर्चीवर बसवायचे, चहा द्यायचे आणि त्यांचं बोलणं कधी संपतंय याची वाट बघायचे.

पुस्तिकेचं काम सुरू झालं तसे मला शब्द अडायला लागले. मग भाऊजींना मी पहिल्यांदा आत, जेवणाच्या टेबलापाशी बोलावलं. त्यांना काय आनंद झाला! सुकी गोदी म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं. ‘हीर समजा वैनी, जहाज मावंल येवढी. जहाज आत घ्यायचं, पानी उपसून काडायचं आन मंग खालून दुरुस्ती करायची.’ त्या विहिरीच्या काठानं माणसं चालतात, काम करतात, म्हणून कडेला कठडा. जुन्या नियमात त्याची उंची होती किमान बेचाळीस इंच.

बेचाळीस इंच म्हणजे एक मीटर आणि जवळपास सात सेंटीमीटर. मी सगळे आकडे अर्ध्या मीटरच्या पटीत बसवायचं ठरवलं होतं, शाळेत शिकवतात त्याच रीतीनं. जवळचा आकडा घ्यायचा, उरलेलं सोडून द्यायचं. वरचे सात सेंटीमीटर मी सोडून दिले. कठडा, किमान एक मीटर. वाचायला कसं छान.

मी वाचून दाखवत होते, भाऊजी मान हलवत ऐकत होते. या ओळीवर मान थांबली.

‘वैनी, मीटर कमी हुईल.’

‘कमी नाही हो. सात सेंटीमीटरनं काय होतंय?’

ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. स्वतःच्या कमरेवर आडवा हात ठेवून म्हणाले, ‘कठडा ह्याच्या वर आला तर मानसाला आडवतो. खाली ऱ्हायला तर आडवत न्हाई, पलटी करतो. आमच्या टोळीतला एक जन असाच गेला. कठडा हुता की, पन बुटका हुता. वाकला आन गेला.’

‘किमान लिहिलंय ना? त्यांना हवा तर उंच करतील.’

‘कुनी करीत न्हाई. किमान लिवलं की तेवड्यावरच पाईप कापत्यात.’

मला राग आला. चुकले म्हणून नाही. सातवी नापास माणूस माझ्याच घरात उभा राहून मला आकड्यांतलं शहाणपण शिकवतोय म्हणून. ‘भाऊजी, गणित मी शिकवलंय,’ मी म्हणाले. ते परत टेबलापाशी येऊन बसले. चहा निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

इथवर झालं ते गर्वानं झालं म्हणता येईल. पुढचं त्याहून वाईट आहे. मजकूर पूर्ण झाल्यावर मला वाटलं, एका शिक्षिकेनं केलेल्या कामाला थोडं वजन यायला हवं. म्हणून शेवटच्या पानावर ओळ घातली, ‘अनुभवी गोदी कामगाराकडून तपासून घेतले’, आणि खाली भाऊजींचं नाव. पुढच्या शनिवारी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, ‘त्या मीटरचं केलं का दुरुस्त?’

‘हो हो, करते,’ मी म्हणाले.

त्यांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर जपून. मी दुरुस्त करणार नव्हते, आणि ते ‘हो’ म्हणताना मला ते पुरतं माहीत होतं.

पुस्तिका छापून आली. भाऊजींना मी एक प्रत दिली. शेवटच्या पानावरचं नाव बघून महिनाभरात यार्डाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा त्यांना फोन आला की आमच्याकडे या, नव्या कामगारांशी दोन तास बोला, जाण्यायेण्याची सोय आम्ही करतो. तीस वर्षं ज्यांनी साहेबांपुढे तोंड उघडलं नव्हतं त्यांना साहेब बोलायला बोलावत होते. दूध मोजता मोजता त्यांनी मला तीनदा विचारलं, ‘बूट घालावं का वैनी? का चपला चालतील?’ काय बोलायचं ते गाईची धार काढताना पाठ करायचे म्हणे. मी हसले. मलाही बरं वाटत होतं, जणू ते बोलावणं मीच मिळवून दिलं होतं.

जायला आठ दिवस उरले असताना तेच अधिकारी मला फोनवर म्हणाले, ‘मॅडम, बेचाळीस इंचांचा एक मीटर कसा झाला?’

सुक्या गोदीच्या काठाचे गंजलेले कठडे काढून नवे बसवायचं काम चाललं होतं. पुस्तिकेत होतं तसे, बरोबर एक मीटरचे. एक रंगारी बादलीचा दोर धरायला वाकला आणि कठड्यावरून पलीकडे गेला. खाली दोन पुरुष खोल परांची बांधलेली होती, तिच्या फळ्यांवर पडला. मनगट मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला. आणखीही एक चूक निघाली होती. सहा फुटांपेक्षा उंच काम असेल तर पडू नये म्हणून कमरेला पट्टा बांधायचा, असा नियम होता. त्याचे मी दोन मीटर करून ठेवले होते. कठडा खाली आणला होता आणि पट्ट्याची हद्द वर नेली होती, दोन्हीकडून माणसाला उघडं पाडून. हे सगळं सांगताना अधिकारी ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी खरं बोलले असते.

मी म्हणाले, ‘अहो, मी पडले शाळेतली बाई. गोदीतलं मला काय कळणार? म्हणून तर जाणत्या माणसाकडून तपासून घेतलं. शेवटच्या पानावर सही आहे बघा.’

हे वाक्य मी बोलले. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. चाचरले नाही, घामही फुटला नाही. वर्गात एखादं पोर स्वतःची वही शेजारच्याच्या बाकावर सरकवताना मला दिसलं असतं तर मी त्याला दिवसभर उभं केलं असतं.

शनिवारी भाऊजी दूध घेऊन आले. दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

‘सायबाचा फोन आल्ता. येऊ नका म्हनले.’

‘का?’ मी विचारलं. हो, तेही विचारलं.

‘इचारलं, मीटर तुमी तपासला हुता का? म्हनलं, व्हय. सही माझीच हाय.’

‘खरं का नाही सांगितलंत?’

‘तुमी मास्तरीन. समदं नगर तुमाला गनितासाठी वळखतं. मला तिकडं कोन वळखतंय?’

तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आणि वाटूनही मी काय केलं, तर विचारलं, ‘चहा घेता ना?’

दुरुस्तीचा कागद मी त्याच आठवड्यात पुण्याला पाठवला. किमान असेल तिथे आकडा वर धरला, कमाल असेल तिथे खाली. साधी गोष्ट होती. पाठवल्यावर मनाला सांगितलं, आता सगळं जागेवर आलं. पण मंगळवार आला की माझं डोकं दुखायला लागायचं. भाऊजी यायचे, गाईचं सांगायचे, पावसाचं सांगायचे. त्या विषयावर एक अक्षर नाही. त्यांनी टोमणा मारला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं, पण टोमणे मारायचा त्यांचा स्वभावच नाही. तो माझा आहे.

दीड महिन्यानं मी स्कूटर काढली आणि गावी गेले. जाऊबाई शेतावर होत्या. भाऊजी गोठ्यात चारा टाकत होते. मला बघून त्यांनी घाईनं खुर्ची आणून पुसली. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं की यार्डातून पहिला फोन मला आला होता, आणि तुमच्या सहीकडे बोट मीच दाखवलं.

‘ठावं हाय,’ ते म्हणाले. ‘सायेब बोलले हुते तसं.’

म्हणजे त्या शनिवारी सगळं माहीत असून त्यांनी माझ्याकडून चहा घेतला होता. मी म्हणाले, ‘आणि मीटर दुरुस्त करते म्हणाले, ते खोटं होतं.’

‘तेबी ठावं हाय. पुस्तक आलं तवाच बघितलं. वाटलं, तुमी काय तरी इचार करूनच ठेवलं आसंल.’ मग पेंढी सोडता सोडता म्हणाले, ‘म्हनलं, आपन चाललोच हाय तिकडं. उभं ऱ्हाऊन पोरांना दावू, कठडा कुटवर पायजे ते.’

ते बूट, ते पाठ केलेलं भाषण, ते यासाठी होतं. आणि मी समजत होते, म्हातारपणी मिळालेल्या मानाचा तो आनंद आहे. मला रडू आलं. त्यांना ते बघवेना, म्हणून ते गाईकडे वळले आणि तिकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, ‘बाकीचं कठडं वाडवलं का त्यांनी?’

मला माहीत नव्हतं. दीड महिना मी माझ्या नावाचा, माझ्या लाजेचा विचार करत होते. बसवून झालेल्या त्या बुटक्या कठड्यांशी माणसं रोज कामाला उभी राहतायत, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

गोठ्यातूनच मी यार्डात फोन लावला. अधिकारी म्हणाले, अर्धे झालेत मॅडम, उरलेल्यांचे पाईप यायचेत. मी ते भाऊजींना सांगितलं.

‘तवर दोर वढा म्हनावं वरून. छातीला यील आसा. ढिला न्हाई, तानून.’

मी तसंच सांगितलं. पलीकडून विचारलं, ‘हे कोण सांगतंय?’

‘माझे दीर,’ मी म्हणाले. ‘ज्यांना तुम्ही येऊ नका म्हणालात ते. मीटर कमी आहे हे त्यांनी छापायच्या आधीच मला बजावलं होतं. दुरुस्त करते असं खोटं सांगून मी त्यांची सही घेतली.’

अधिकारी म्हणाले, ‘फोन त्यांना द्या.’

भाऊजी हात धोतराला पुसून बोलायला लागले. दोर कुठला, गाठ कुठली, किती अंतरावर बांधायचा, त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. नंतर फोन माझ्या हातात देत म्हणाले, ‘सायेब लिवून मागत्यात. खाली सही करून फोटू पाठवा म्हनले.’

मी पर्समधून कागद काढला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. लिहून झाल्यावर मागच्यासारखाच कागद त्यांच्यापुढे धरला आणि पेन दिलं. त्यांनी पेन घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही.

‘आदी वाचून दावा, वैनी,’ ते म्हणाले. ‘समदं. मंग सही करतो.’