थायरॉईडचा पेपर

मानोरा गावच्या दवाखान्यात, रक्त तपासणीच्या खोलीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती. बसली कसली, सारखी उठत होती! पदराच्या गाठीत तिनं थायरॉईडच्या गोळ्यांची पट्टी बांधून आणली होती. ती गाठ चाचपायची आणि खुदकन हसायची.

"हप्ताभर एकबी गोळी नाही खाल्ली म्या," तिनं मला ऐटीत सांगितलं. "गोळी खाऊन रक्त देनं म्हंजे कॉपी करून पेपर देनं. मले तसं पास नाही व्हाचं!"

रक्त घेणाऱ्या पोरीनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, पेपर तुमचा नाही, गोळीचा हाय. थे तुमाले पुरते का नाही, थेच आमी पाह्यतो. गोळी रोज घ्या. फक्त तपासणीच्या सकाळी रक्त देल्यावर घ्या. आज रक्त देनं राहू द्या, आधी डॉक्टरले भेटा."

बाईचे डोळे असे चमकले की बस!

"म्हंजे नापास झाली तं गोळी झाली, मी नाही?"

"तुमी नाही."

"अवं माय! अन् मी रिपोर्ट खराब आला का घरात मान खाली घालून फिरो!"

मागच्या वेळी माझाही रिपोर्ट बिघडला होता, आणि मीही स्वतःलाच बोल लावत बसले होते.

तिनं टाळीसाठी हात पुढं केला. मी नुकतंच रक्त दिलं होतं आणि कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबून धरला होता. तो सोडून दिला आणि तिला जोरात टाळी दिली.