रामाने ‘जातो’ म्हणू नये

१९६०च्या सुमारास बंगळुरात, आमच्या गल्लीतल्या रामनवमीच्या नाटकात मी मारुती होतो आणि माझा मेहुणा राम. रामाची अंगठी पाताळात पडते, मारुती ती शोधायला जातो आणि तेवढ्यात राम अवतार संपवून निघून जातो. परतल्यावर रिकामं सिंहासन पाहून मला रडायचं होतं. नुसत्या रडण्याच्या चौदा तालमी झाल्या होत्या.

मी पाताळात, म्हणजे पलंगाखाली, शिरलो. राम म्हणाला, “जातो.”

पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, “अय्यो! जातो काय म्हणतोस? येतो म्हण!”

“सरी, अम्मा, बरं. येतो,” म्हणून राम गेला आणि आईला शब्द दिलेला म्हणून लगेच परतही आला.

मी बाहेर पडलो तर राम सिंहासनावर! रडू कसलं येतंय? अंगठी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, “देवा, तुम्ही बसा. मीच येतो.”